बादलीतली वीज

१

समारंभाच्या दिवशी सकाळीच कुणीतरी सहाच्या सहा बरण्यांत फिनेल ओतलं.

बदनापूर रस्त्यावरच्या त्या इंजिनिअरिंग कॉलेजात सुगनबाई पोचल्या तेव्हा प्रयोगशाळेच्या दारात घोळका जमला होता आणि प्रत्येकाच्या नाकाला रुमाल होता. बाईंनी पदर लावला नाही. सत्तरीला टेकलेली ही बाई. मारवाड्यांच्या घरातल्या पोरी दहावीच्या पुढं जात नव्हत्या त्या काळी औरंगाबादेत राहून केमिस्ट्रीत एम.एस्सी. झाली होती. कॉलेज धाकट्या भावाच्या, हुकमचंदजींच्या ट्रस्टचं. जुन्या जालन्यातल्या धान्याच्या आडतीनं उभं केलेलं. बाई त्यात नावाला ट्रस्टी, म्हणजे बोलावलं की यायचं, काजू खायचे आणि सही करून परत जायचं.

टेबलावर काचेच्या बरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या. एरवी त्यांत शेणकाल्याचं काळपट पाणी असायचं. त्या काल्यातले जिवाणू गूळ खातात, खाता खाता वीज सोडतात आणि ती वीज आत बुडवलेल्या कार्बनच्या कापडावर गोळा होते. ह्यालाच जैविक इंधनघट म्हणायचं. आज मात्र बरण्यांत दुधासारखं पांढरं पाणी होतं आणि फिनेलच्या वासानं डोळे चुरचुरत होते. मागच्या लाकडी फळीवर ‘शेणातून प्रकाश’ अशी पाटी, पाटीखाली छोटा हिरवा दिवा संथ जळत होता, आणि त्याच्याही खाली डॉ. धर्मराज तौर डोक्याला हात लावून बसले होते.

तौर म्हणजे कॉलेजचे संशोधन प्रमुख. फ्युएल सेल, हायड्रोजन, सौरऊर्जा, पवनऊर्जा, बायोडिझेल, काय म्हणाल त्यावर त्यांचा शोधनिबंध. दोनशेच्या वर झाले होते. आज त्यांचा सत्कार होता, आणि ट्रस्टच्या नव्या ऊर्जा केंद्राचं संचालकपदही त्यांनाच जाहीर व्हायचं होतं.

“पाच वर्षं लेकरांसारखे जपले हे जीव, बाई,” तौर म्हणाले. “ज्यानं मारले त्याचं देव बघून घेईल.”

“देवाला कशाला त्रास? कुणी मारले ते सांगा.”

“मी कसं सांगू? माझीच विद्यार्थिनी हाये.” असं म्हणून लगेच सांगितलंच. “दैवशाला बोराडे. पेपरात नाव घातलं न्हाई म्हून डोक्यात राग धरला पोरीनं. होस्टेलच्या मोरीतली फिनेलची बाटली उचलली असंल, बादलीत कालवलं आन दिलं ओतून.”

वॉचमन भारतनं दैवशालाला सकाळी बादली घेऊन आत जाताना आणि मोकळ्या हातानं बाहेर येताना पाहिलं होतं. ती बादली अजून कोपऱ्यातच होती. रंगाची जुनी बादली, वर गोणपाट बांधलेलं. तिच्याकडं पाहूनच लोक लांबून चालत होते.

हुकमचंदजींनी दैवशालाची नोंदणी रद्द केल्याचं पत्र टाईप करूनच आणलं होतं. पीएच.डी. संपत आलेली पोरगी, ह्या कागदानं आज कायमची घरी जाणार होती. “जीजी, इथं सही कर,” ते म्हणाले. “पाहुणे यायच्या आत हे निपटून टाकू.”

बाईंनी पेन हातात घेतलं आणि टोपण लावून पर्समध्ये टाकलं.

“पोरीला विचारल्याशिवाय मी सही करणार न्हाई.”

२

दैवशाला होस्टेलच्या टोकाला, पाण्याच्या टाकीमागच्या खोलीत एकटी राहत होती. धावडा गावची पोरगी. डोळे सुजलेले, पण हात बांधून ताठ उभी.

“एकटीला खोली कशी मिळाली तुला?”

“मिळाली न्हाई बाई, दिली. अंगाला काल्याचा वास येतो म्हून पोरी जवळ बसू देत न्हाईत. खरंच येतो. दोनदा आंघोळ केली तरी जात न्हाई.”

बाईंच्या मनात काहीतरी टोचलं. तौर सरांनी पाच वर्षं तेच जीव जपले, आणि सरांच्या अंगाला कायम अत्तराचा वास. दिवाळीला बाई प्रयोगशाळेत आल्या होत्या तेव्हाही तिथं नाकाला काही जाणवलं नव्हतं.

“बादली कशाला नेली होतीस?”

“सरांनी सकाळी फोन करून बोलावलं. म्हणले, तुझा एक घट आणून ठेव, पाहुण्यांना दाखवू. चार वर्षांत पहिल्यांदा म्हणले. मी पळत गेल्ते. दार उघडंच व्हतं. ठेवला आन आले.”

“बरण्यांकडं पाह्यलं न्हाई?”

“त्यांना सर कुणाला हातच लावू देत न्हाईत. म्हून माझं काम मागं शेडमधी चालतं.”

“आन फिनेल कुठून आणलंस?”

दैवशालानं बाईंकडं असं पाहिलं की जणू तिनं बाईंनाच काही समजवायला हवं. “बाई, इथं फिनेल कुठंय? किडामुंगी मरती म्हून हुकमचंदजींनी पार कँपसातून बंद केलंय. मोरी आम्ही मिठाच्या पाण्यानं धुतो. त्याच्यावरून पोरी रोज भांडतेत.”

हे बाईंना ठाऊक होतं. भावाचा हा नियम घरात चेष्टेचा विषय होता. इथं झोपणाऱ्याला, इथली मोरी धुणाऱ्याला तो बराबर माहीत. तो माहीत नसणार फक्त गाडीतून येणाऱ्याला, गाडीतून जाणाऱ्याला आणि कधी मोरीत डोकावून न बघणाऱ्याला.

दैवशाला त्यांना शेडमध्ये घेऊन गेली. पत्र्याखाली बादल्यांची रांग होती आणि असा वास, की सकाळी न लावलेला पदर बाईंनी आता नाकाला लावला. प्रत्येक बादलीतून दोन तारा निघून एका छोट्या पट्टीला जोडलेल्या. पट्टीवर दाण्याएवढा दिवा. अंधारात एक दिवा लुकलुकला आणि विझला. बऱ्याच वेळानं दुसरा.

“बिघडलेत का?”

“न्हाई बाई, चांगलेत. वीज लई थोडी येती. ही पट्टी ती साठवत बसती. साठली की एकदा दिवा लागतो, मंग पुन्हा साठवायची.” पोरगी पहिल्यांदाच हसली. “एका घटाची ताकदच तेवढी. सलग दिवा लागला असता तर मी अख्खा धावडा उजळवला असता.”

बाई दारातच थबकल्या. सकाळपासून सगळ्यांनी जे पाहिलं होतं ते त्यांनीही पाहिलं होतं, आणि सगळ्यांसारखंच सोडून दिलं होतं. त्यांना स्वतःचाच राग आला.

३

प्रयोगशाळेकडं जाताना मयंक आडवा आला. हुकमचंदजींचा मुलगा, इथंच प्राध्यापक. थंडीचे दिवस, तरी ह्याच्या कपाळावर घाम.

“भुआ, करून टाका ना सही. कशाला खोलात जाऊन राह्यल्या?”

“काल संध्याकाळपासून तू कुठं होतास?”

मयंकनं मान फिरवली. तौर त्याला प्रयोगशाळेत पाऊल ठेवू देत नव्हते, त्यावरून त्यानं बापापाशी दोनदा आदळआपट केली होती. हे बाईंना माहीत होतं. घरचा आहे म्हणून सोडायचं, असला बाईंचा स्वभाव नव्हता.

“काल संध्याकाळी लॅबकडं गेल्तो,” तो शेवटी म्हणाला. “सरांना निरोप द्यायचा होता. पुण्याच्या प्राध्यापक सत्यशीला मॅडमचा फोन आल्ता. सत्काराला त्याच पाहुण्या. म्हणल्या, भाषणाच्या आधी मी बरण्या उघडून स्वतः मीटर लावून पाहीन.”

“मंग सर काय म्हणले?”

“काहीच न्हाई. मला चहा पाजला. कधी पाजत न्हाईत.”

“तू फिनेल ओतलंस?”

“मी कशाला ओतू? बरण्या बंद पडल्या तर माझेच पेपर...” आणि मयंकनं जीभ चावली.

बाईंनी हात पुढं केला. मयंकनं मुकाट्यानं मोबाईल उघडून दिला. तौरांच्या शोधनिबंधांची यादी. बोट सरकवावं तितकी खाली जात होती. एका आठवड्यात पवनचक्की, पुढच्या आठवड्यात हायड्रोजन, मधल्या रविवारी सौरचूल. मयंकचं नाव अकरा ठिकाणी. आणि खाली हायड्रोजनच्या एका निबंधाचे लेखक म्हणून हुकमचंदजी. सहावीतून शाळा सोडून तागडीवर बसलेला माणूस.

“लाज न्हाई वाटली?”

“सगळेच घालतात भुआ. रँकिंगला लागतात पेपर.” मयंक खाली बघून पुटपुटला, “नाव तर तुमचंही हाये.”

त्यानं बोट ठेवलं. शेणातल्या जिवाणूंवरचा निबंध, ज्यासाठी आजचा सत्कार. लेखक तौर आणि सुगनबाई. बाईंनी चष्मा पुसून वाचलं. तुलनेसाठी अर्धे घट ऑटोक्लेव्हमध्ये तापवून त्यांतले सर्व जिवाणू मारले, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे बाईंनीच मारले होते.

त्यांनी मोबाईल मयंकच्या हातात परत दिला. ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेच्या दाबानं जंतू मारायचं भांडं. त्याची मागणी ट्रस्टकडं आली तेव्हा हुकमचंदजींनी ठाम नकार दिला होता: माझ्या बापाच्या नावाच्या इमारतीत जीव मारायचं मशीन येणार नाही. बाई त्यावरून भावाशी जेवणाच्या ताटावर भांडल्या होत्या. मेलेला घट शेजारी ठेवल्याशिवाय जित्या घटाची वीज खरी कशी म्हणायची, शास्त्र असं चालत नसतं. तेव्हा तौरच मध्ये पडले होते, हात जोडून. जीव न मारता करू बाई, अहिंसेनं करू.

भांडं कधी आलंच नाही. जीव कधी मेलेच नाहीत. आणि ते मारल्याचं पाप सुगनबाईंच्या नावावर छापून सगळ्या जगात फिरत होतं.

४

प्रयोगशाळेत आता कुणी नव्हतं. बाईंनी बाही वर सरकवली आणि पहिल्या बरणीत कोपरापर्यंत हात घातला. कार्बनचं कापड बाहेर काढून बोटांनी चोळलं. ज्या कापडावर जिवाणू वर्षानुवर्षं राहतात ते बुळबुळीत असतं, साय धरल्यासारखं. हे कापड दुकानातून आणल्यासारखं नवंकोरं, खरखरीत लागलं. दुसऱ्या बरणीतलंही तसंच. सायीला हात लागेल म्हणून अंगावर काटा आणून बसलेल्या बाईंना त्या स्वच्छ कापडाचीच जास्त किळस आली.

मग त्या कोपऱ्यातल्या बादलीकडं गेल्या, गोणपाट सोडलं आणि सरळ नाक आत घातलं. डोळ्यांना पाणी आलं. शेण, कुजलेला गूळ, गटार, सगळं होतं. फिनेल तेवढं नव्हतं. पृष्ठभागावर बारीक बुडबुडे येत होते, आणि तारांच्या टोकाचा दाण्याएवढा दिवा लुकलुकून विझला.

“बाई, असल्या घाणीत कशाला हात घालता?”

दारात तौर उभे होते. सत्काराची शाल खांद्यावर आधीच घेतली होती, बहुधा फोटोसाठी. बाईंनी हाताकडं पाहिलं, तो पुसला नाही.

“ह्याच भरवशावर बसला होता ना तुम्ही? असल्या घाणीत कोण हात घालतंय म्हून?”

“मला समजलं न्हाई.”

“समजावून सांगते. पोरगी सकाळी बादलीतून फिनेल घेऊन आली, असं तुम्ही म्हणता. ह्या बादलीत फिनेलचा एक थेंब जरी पडला असता तर आतलं सगळं मेलं असतं. ते जितं हाये. म्हंजे ह्या बादलीनं फिनेल पाह्यलेलंच न्हाई. पोरीच्या हातात तर हीच एक बादली व्हती.”

“मंग दुसऱ्या कशातून...”

“थांबा. होस्टेलच्या मोरीतली बाटली म्हणलात. होस्टेलमधी फिनेल नसतंच. हे तिथल्या प्रत्येक पोरीला माहीत हाये, मयंकला माहीत हाये. तुम्हालाच न्हाई. तुमच्या घरच्या मोरीत असतं म्हून इथंही असंल, असं धरून चाललात.”

बाई फळीपाशी गेल्या.

“आन आता हे. सगळे घट मेले म्हून सकाळपासून रडून राह्यलात, मंग हा दिवा कुणाच्या जिवावर जळतोय?”

हिरवा दिवा पाटीखाली संथ, सलग जळत होता. बाईंनी फळी उलटी केली. मागं खोबणीत दोन पेन्सिल सेल बसवलेले होते. बाईंनी ते उपटले, दिवा विझला.

“रोज पेटलेला बघून बघून तुम्हाला तो दिसायचाच बंद झाला. बरण्या मारल्या, दिवा मारायचा ऱ्हाऊन गेला. ह्या बरण्यांत मरण्यासारखं कधी काही नव्हतंच. पुण्याच्या मॅडम मीटर लावणार म्हणल्यावर तुम्हाला आधी त्यांचा खून पाडावा लागला. आन खुनाला खुनी लागतो, म्हून त्या लेकराला फोन केला. तुझा घट दाखवू म्हणलात. ती पळत आली.”

आत्ता रडतील, पाया पडतील असं बाईंना वाटलं होतं. तौरांनी खुर्ची ओढली आणि बसले.

“बाई, वर्षाला इतके पेपर पाहिजेत असं मला कुणी सांगितलं? तुमच्या भावानं. पेपर कसे होतात ते एकदा तरी विचारलं? न्हाई. फ्लेक्सवर माझा आकडा छापून ॲडमिशनं भरली.” त्यांचा आवाज अगदी शांत होता. “उद्या मी गेलो तर दुसरं कॉलेज मला गाडी पाठवून नेईल. पेपर माझ्या नावावर हायेत. आन एक तुमच्याही नावावर. खोटा ठरला तर दोघांचा ठरंल. घराण्याची अब्रू तुमची, माझी न्हाई.”

बाईंना वाटलं, ह्या माणसापेक्षा ती बादली शंभर वेळा स्वच्छ.

५

हुकमचंदजींनी सगळं ऐकून घेतलं. ऑफिसचं दार लावलं.

“जीजी, तुझं बराबर हाये. पोरीचं नाव मी कमी करत न्हाई, पत्र फाडून टाकतो. थिसिसवर सहीही मिळंल. बस? पण सत्कार होऊ दे. पाहुणे आलेत, पेपरवाले आलेत. बरण्या अपघातानं फुटल्या म्हणू. वर्षभरानं तौरला गुपचूप घालवू.”

“कुणाच्या कामावर सत्कार होणार?”

“आता ते कशाला?”

“पोरीचे आकडे त्याच्या पेपरात, तिचं नाव न्हाई. माझं हाये. मी काय केलं? काजू खाल्ले.” बाई भावाकडं बघत राहिल्या. मुंगी मरू नये म्हणून फिनेल बंद करणारा हा माणूस. “हुकम, तुझ्या नावावर हायड्रोजनचा पेपर हाये, हे तुला माहीत व्हतं?”

हुकमचंदजींनी टेबलावरचा पेपरवेट सरळ केला. “फ्रेम करून दिली व्हती त्यानं. चांगलं वाटलं.”

बाईंना भावाची एवढी शिसारी आयुष्यात कधी आली नव्हती. त्या उठल्या.

सभागृह भरलं होतं. व्यासपीठावर झेंडूच्या माळा, मध्ये शाल पांघरलेले तौर, शेजारी सत्यशीला मॅडम, त्यांच्यापुढं न वापरलेलं मीटर. निवेदक तौरांच्या शोधनिबंधांची यादी वाचत होता आणि लोक जांभया देत होते. तेवढ्यात बाजूच्या दारातून वास आत आला. पुढच्या रांगेतले लोक माना वळवायला लागले. बादलीची कडी एका बाजूनं सुगनबाईंच्या हातात, दुसऱ्या बाजूनं दैवशालाच्या. बाईंच्या चांगल्या पैठणीवर काल्याचे शिंतोडे उडाले होते. दोघींनी बादली थेट सत्काराच्या टेबलावर, नारळाशेजारी ठेवली.

“बाई, हात तरी धुऊन येते,” दैवशाला कानाशी म्हणाली.

“तशीच ऱ्हा.”

बाईंनी माईक ओढला.

“आत्ता जी यादी वाचली, तिच्यात माझं नाव हाये. त्या पेपरात लिहिलंय की मी मशीनमधी जिवाणू मारले. हे खोटं हाये. ते मशीन ह्या इमारतीत कधी आलंच न्हाई, आन आज सकाळपर्यंत मी ह्या काल्याला बोटही लावलं नव्हतं. माझं नाव काढायचं मी त्या मासिकाला लिहिणार हाये. बरण्यांत फिनेल कुणी ओतलं, हे मी लेखी देणार हाये. हा घट दैवशाला बोराडेचा. मॅडम, तुम्हाला मोजायचं व्हतं ना? हे मोजा.”

सभागृहात चुळबुळ झाली. तौर उठले, घाईचा फोन आल्यासारखा मोबाईल कानाला लावला आणि शालीसकट मागच्या दारानं निघून गेले. त्यांना कुणी अडवलं नाही. निवेदकाच्या हातात यादी तशीच उघडी होती.

सत्यशीला मॅडमनी रुमाल बाजूला ठेवला, तारांना मीटर लावलं, आकडा पाहिला आणि दैवशालाला हळू आवाजात दोन प्रश्न विचारले. पोरीनं उत्तरं दिली. मॅडमनी पुन्हा एकदा आकडा पाहिला. “हिचा थिसिस माझ्याकडं पाठवा,” त्या हुकमचंदजींना म्हणाल्या, “गाईड मी होईन.”

“दिवे घालवा,” बाईंनी सांगितलं.

सभागृह अंधारलं. वास आता मागच्या रांगेपर्यंत पोचला होता. कुणी खोकलं, कुणी खुर्ची सरकवून बाहेर गेलं. टेबलावर काहीच दिसत नव्हतं. कुणीतरी हसलं. दैवशालानं अंधारात बाईंचा हात धरला, तोही तसलाच बरबटलेला.

मग दाण्याएवढा हिरवा दिवा लागला आणि विझला.

क्षणभर तेवढ्या उजेडात टेबल आणि पुढची रांग दिसली होती. टेबलाशी सत्यशीला मॅडम वाकून बघत होत्या, समोर मयंक खाली मान घालून बसला होता. हुकमचंदजींनी नाकावरचा रुमाल काढला नव्हता.